ताई, तो मायनस कशाला?

रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या दिवशीच्या फोटोंच्या ओळी लिहून मी लॅपटॉप मिटतच होते, तेवढ्यात मामेभावाचा मेसेज आला. आधी वहीच्या पानाचा फोटो, मग एकच ओळ : ‘ताई, तो मायनस कशाला?’

तो बारावीला आहे. गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. सध्या साताऱ्यात कॉट बेसिसवर राहतो आणि कॉलेज, क्लास, अभ्यासिका अशी पळापळ करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावीपासून सगळं सायन्स धाडकन इंग्रजीत. आमच्या घरात सायन्समधून बारावी केलेली मी एकटी. पुढे मी मास कम्युनिकेशनला गेले, आता पेपरमध्ये इंटर्नशिप करते, हे त्याच्या दृष्टीने गौण. फिजिक्स अडलं की ताई.

फोटोत एक गणित होतं आणि त्यावर लाल पेनाची मोठी फुली. स्थितिज ऊर्जेचं सूत्र दिलेलं, त्यावरून बल काढा. तुम्ही सायन्सवाले असाल तर हे वाक्य तुम्हाला झोपेतही म्हणता येईल : एफ इज इक्वल टू मायनस डीयू बाय डीएक्स. एफ म्हणजे बल, यू म्हणजे स्थितिज ऊर्जा. यूचं डेरिव्हेटिव्ह घ्या, पुढे मायनस लावा, दोन मार्क.

खरं सांगू? मायनस का, ते मलाही येत नव्हतं. बारावीत मी अगदी हाच प्रश्न क्लासमध्ये विचारला होता. ‘फॉर्म्युला आहे तो, पाठ कर,’ असं उत्तर आलं. पुढच्या टेस्टला मी नेमका मायनस विसरले. माझा पेपर अख्ख्या बॅचला दाखवण्यात आला आणि त्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही. म्हणून मी सायन्स सोडलं असं म्हणणं सोपं आहे, पण खोटं ठरेल. मला लिहायला आवडायचं. तरी त्या दिवसानंतर फिजिक्सचं पुस्तक उघडताना पोटात गोळा यायचा, हेही तितकंच खरं.

मी ‘उद्या सांगते’ असं टाइप करत होते, तेवढ्यात त्याचा दुसरा मेसेज आला : ‘सर म्हणले असले प्रश्न असतील तर आर्ट्सला जा. मी पण बारावीनंतर सोडतो सायन्स. तू सोडलंसच की.’

मी लॅपटॉप परत उघडला.

आता पुढचं सगळं तुम्हीही कागद-पेन घेऊन वाचा. फिजिक्सशी तुमचा काडीमोड झाला असला तरी चालेल. आमच्याकडे तर त्या रात्री शिकवणारीचाच झालेला होता.

त्याच्या वहीतलं गणित असं होतं. एक्सला आपण मराठीत ‘क्ष’ म्हणू, म्हणजे माझ्याही जिभेला सोपं. एक वस्तू सरळ रेषेवर आहे. ती क्ष या ठिकाणी असताना तिची स्थितिज ऊर्जा :

यू = क्ष³ − ६क्ष² + ९क्ष

यू ज्यूलमध्ये, क्ष मीटरमध्ये. प्रश्न : क्ष शून्य असताना आणि क्ष दोन असताना वस्तूवरचं बल किती?

भावाने काय केलं होतं? क्षच्या जागी शून्य घातलं. यू आला शून्य. मग लिहिलं, ‘ऊर्जा शून्य, म्हणून बल शून्य.’ दुसऱ्या भागात क्षच्या जागी दोन घातले, यू आला २ ज्यूल, मग त्या दोनाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं. स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून पुन्हा बल शून्य. दोन्ही उत्तरं चूक. पण या चुका निव्वळ वेंधळेपणाच्या नाहीत. सूत्र पाठ असून त्याचं चित्र डोळ्यांसमोर नसलं की हमखास अशाच चुका होतात.

म्हणून मी त्याला आधी चित्र काढायला लावलं. तुम्हीही काढा. आडव्या रेषेवर क्ष, उभ्या रेषेवर यू. क्ष शून्य तर यू शून्य. क्ष एक तर यू चार. दोनला दोन. तीनला शून्य. चारला परत चार. हे पाच ठिपके हाताने जोडा, पट्टी नको. काय दिसलं? एकवर टेकडी, तीनवर दरी, आणि चारकडे जाताना परत चढण.

आता या वळणावर एक गोटी ठेवलीय असं समजा. क्ष दोन असेल तिथे. ही जागा टेकडीच्या उतरणीवर आहे. गोटी कुठे जाईल? उजवीकडे, दरीत. आणि क्ष शून्यवर ठेवली तर? तिथे यू शून्य आहे खरा, पण वळण बघा केवढं तीव्र आहे. उजवीकडे उभा चढ, त्यामुळे गोटी सुसाट डावीकडे जाणार. तिथे बल शून्य कसं असेल?

इथे भावाचा पहिला ‘अच्छा’ आला. उंची किती आहे याच्याशी बलाला देणंघेणं नसतं, उंची किती भराभर बदलतेय याच्याशी असतं. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तुम्ही सपाट फरशीवर गोटी ठेवलीत, तर ती हलत नाही. जमिनीपासून तुम्ही बारा-चौदा मीटर वर आहात हे गोटीला माहीतही नसतं. तळमजल्यावरच्या उतरत्या पार्किंगमध्ये मात्र ती लगेच पळते. म्हणूनच ऊर्जेचं शून्य कुठे धरायचं, हे आपल्या मर्जीवर असतं. जमिनीपासून मोजा, टेबलापासून मोजा, समुद्रसपाटीपासून मोजा. सगळ्या आकड्यांत एकदम शंभर मिळवले तरी चढ-उतार तेवढेच राहतात, आणि बलही तेच.

त्याची दुसरी चूकही यातच सापडते. आधी क्षची किंमत घालून मग डेरिव्हेटिव्ह घेणं म्हणजे घाटात गाडी थांबवून फक्त उंचीचा बोर्ड वाचणं. बोर्डावरून रस्ता चढतोय की उतरतोय ते कळत नाही. त्यासाठी थोडं पुढे आणि थोडं मागे बघावं लागतं. डेरिव्हेटिव्ह तेवढंच करतं. म्हणून डेरिव्हेटिव्ह आधी, किंमत मग.

आणि आता तो मायनस.

दहावीचं भूमितीचं पुस्तक आठवा. निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ काढायचो आपण. इंग्रजीत त्याला स्लोप म्हणतात. अकरावीत तोच स्लोप डेरिव्हेटिव्ह बनून आला, तेव्हा मराठी माध्यमातल्या कुणाला सांगितलंच नाही की बाबा रे, हा तुझा ओळखीचा चढ आहे. डीयू बाय डीएक्स म्हणजे ऊर्जेचा चढ. उजवीकडे एक पाऊल टाकलं तर ऊर्जा किती वाढते, तो आकडा. आणि चढाला मायनस लावला की काय होतं?

भावाचं उत्तर एका शब्दात आलं : ‘उतार?’

उतार! मला तर त्या क्षणी फोनवरच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चढ ऊर्जा वाढण्याची दिशा दाखवतो, आणि वस्तूवरचं बल नेमकं उलट दिशेला, ऊर्जा कमी होण्याच्या बाजूला असतं. हे उलटेपण सूत्रात लिहायची दुसरी सोय नाही, म्हणून मायनस. बल म्हणजे ऊर्जेचा उतार. एवढं एक वाक्य मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर तो पेपर बॅचभर फिरला नसता.

पण भाऊ माझ्यापेक्षा चिवट. ‘पण उताराकडंच का? वर का नाही?’

यालाही उत्तर आहे, आणि ते हिशेबाचं आहे. समजा तुमच्या दोन खिशांत मिळून शंभर रुपये आहेत आणि तिसरीकडून पैसे येत-जात नाहीत. एक खिसा स्थितिज ऊर्जेचा, दुसरा गतिज ऊर्जेचा. बलाने वस्तूला आपल्या दिशेने ढकललं की वस्तूचा वेग वाढतो, म्हणजे गतिज खिशात पैसे पडतात. ते आले कुठून? स्थितिज खिशातून. तो तेवढ्यानेच हलका झाला. म्हणजे बल ज्या दिशेला ढकलतं, त्या दिशेला यू कमी होणारच. बलाने केलेलं काम जेवढं, तेवढीच यूमधली घट. घट, म्हणून मायनस. मग एका मीटरला किती ज्यूलची घट, हा दर म्हणजेच बल. एक मीटरला एक ज्यूल म्हणजे एक न्यूटन. साधारण शंभर ग्रॅमचं लहानसं सफरचंद हातात धरलं तर जेवढा भार जाणवतो, तेवढा.

आता गणित करून टाकू. यूचं डेरिव्हेटिव्ह ३क्ष² − १२क्ष + ९. मायनस लावला की :

एफ = −(३क्ष² − १२क्ष + ९)

क्ष शून्य असताना एफ आला उणे ९ न्यूटन. उणे म्हणजे डावीकडे, आपली गोटी सुसाट निघाली होती त्याच बाजूला. क्ष दोन असताना अधिक ३ न्यूटन, उजवीकडे, दरीच्या दिशेने. क्ष चार असताना परत उणे ९, म्हणजे पलीकडच्या चढावरून मागे, दरीकडेच.

क्ष एक आणि क्ष तीनला मात्र एफ शून्य येतो. एक म्हणजे टेकडीचा माथा, तीन म्हणजे दरीचा तळ. टेकडीच्या माथ्यावर ऊर्जा ४ ज्यूल, दरीच्या तळाशी शून्य, आणि बल दोन्हीकडे शून्य. का? कारण दोन्ही ठिकाणी वळण क्षणभर सपाट आहे.

इथे थांबून एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि एक गोल बुडाची कढई, एक पोळपाट आणि एक गोटी घ्या. गोटी नसेल तर सुका वाटाणा चालेल, आई काय करतेयस विचारेल तेवढी तयारी ठेवा. कढईच्या तळाशी गोटी ठेवून हळूच ढकला. ती वर जाते, परत येते, डुलत डुलत तळाशीच स्थिरावते. हे स्टेबल इक्विलिब्रियम, स्थिर संतुलन. आता कढई उपडी घाला आणि माथ्यावर गोटी ठेवायचा प्रयत्न करा. जमलं तर तुमचं अभिनंदन, कारण केसभर धक्का लागला तरी ती खाली येते. हे अनस्टेबल. पोळपाटावर ठेवली तर जिथे सरकवाल तिथेच राहील, ते न्यूट्रल. तिन्ही ठिकाणी बल शून्यच. पण शून्याच्या आजूबाजूला काय आहे, त्यावर गोटीचं भवितव्य ठरतं. गणिताच्या भाषेत ते दुसरं डेरिव्हेटिव्ह सांगतं. ते प्लस आलं तर कढई, मायनस आलं तर उपडी कढई. आपल्या गणितात दुसरं डेरिव्हेटिव्ह ६क्ष − १२. क्ष तीनला अधिक ६, क्ष एकला उणे ६. (ते शून्य आलं तर आणखी बारकाईने बघावं लागतं, पण तो वेगळ्या रात्रीचा विषय.)

बाकीचे नेहमीचे पाहुणे मग एका ओळीत निपटतात. गच्चीतल्या कुंडीची ऊर्जा वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची. उंचीनुसार तिचा चढ सगळीकडे सारखाच, एमजी. मायनस लावला की बल खाली, एमजी एवढं, म्हणजे कुंडीचं वजन. क्लिकच्या पेनातल्या स्प्रिंगची ऊर्जा अर्धा केएक्सचा वर्ग, तिचा उतार उणे केएक्स. उजवीकडे ताणा, बल डावीकडे. डावीकडे दाबा, बल उजवीकडे. दोन वेगवेगळे नियम म्हणून पाठ केलेल्या गोष्टी एकाच वाक्यातून बाहेर पडतात.

साडेबारा वाजले होते. मला वाटलं संपलं. पण भावाने इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं पान पाठवलं. ‘इथं पण तोच मायनस आहे. आणि हे इक्विपोटेन्शियल काय कळंना.’

तुम्ही बारावी केली असेल तर तुम्हालाही हे पान आठवेल. विद्युत क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार, तोच मायनस. आणि खाली एक चौकट : इलेक्ट्रिक फील्ड इज ऑलवेज परपेंडिक्युलर टू इक्विपोटेन्शियल सरफेस. मी हे वाक्य अक्षरशः घोकलं होतं आणि त्याचा अर्थ मला शून्य माहीत होता.

गोटीचं वळण आता पुरत नव्हतं, कारण इथे फक्त डावं-उजवं नाही, सगळ्या दिशा आहेत. मी डोंगराचं उदाहरण घेतलं. म्हटलं, डोंगरावर उभा राहिलास तर प्रत्येक दिशेला चढ वेगळा. समोर चढ, मागे उतार, आणि आडवं, डोंगराच्या पोटाने चालत गेलास तर उंची तीच राहते. त्या आडव्या वाटेवर सगळीकडे ऊर्जा सारखी. म्हणजे तीच तुझी इक्विपोटेन्शियल...

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने लिहिलं : ‘म्हणजे चर?’

मला आधी कळलंच नाही. मग त्याने व्हॉइस नोट पाठवली, आणि या सगळ्या रात्रीतली सगळ्यात चांगली तीन मिनिटं ती होती. तो शाळेत असताना गावात जलसंधारणाचं श्रमदान चालायचं. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदायचे. त्याचे आजोबा दोन काठ्यांना बांधलेल्या पारदर्शक नळीत पाणी भरून, घर बांधताना गवंडी काढतात तशी लेव्हल काढायचे, आणि सारख्या उंचीचे ठिपके जोडत फक्कीने रेघ मारायचे. त्या रेघेवर बाकीच्यांनी कुदळ चालवायची. रेघ डोंगरासारखीच वळत जायची, सरळ कधीच नसायची. ‘मी आजोबांना विचारलेलं, सरळ का नाही खणत, लवकर होईल. ते म्हणले, सरळ खणला तर चर एका बाजूला उतरता होतो. पाणी पळतं आणि बांध फोडतं. चर सपाटीत असला की पाण्याला पळायला दिशाच नसते, मग ते मुरतं.’

पळायला दिशाच नसते! चराच्या लांबीच्या दिशेने ऊर्जा बदलत नाही, म्हणजे त्या दिशेला उतार शून्य, म्हणजे त्या दिशेला बल शून्य. जे काही ओढणं आहे, ते चराला काटकोनात, डोंगराच्या खालच्या अंगाला. फील्ड परपेंडिक्युलर टू इक्विपोटेन्शियल. पुस्तकातल्या चौकटीतलं वाक्य या पोराने दहाव्या वर्षी कुदळ घेऊन खोदलं होतं. आजोबांनी त्याला कारणासकट समजावलंही होतं. आणि वर्गात तो ‘बेसिक कच्चं असलेला मुलगा’ होता.

हे लिहिताना मला अजून राग येतोय, तो असू द्या.

आता मागे वळून या कल्पनेकडे बघितलं की ती किती सोयीची आहे ते कळतं. बलाला दिशा असते, बाण असतात. दहा वस्तू एकीला ओढत असतील तर दहा बाणांची बेरीज करा, प्रत्येकाचे कोन सांभाळा. ऊर्जा मात्र नुसता आकडा. दहा आकडे मिळवा, एक चित्र तयार करा आणि शेवटी एकदाच उतार काढा. अठराव्या शतकात लाग्रांज या गणितज्ञाने गुरुत्वाकर्षणासाठी ही युक्ती वापरली. विजेसाठी ती नीट मांडली आणि ‘पोटेन्शियल’ हा शब्द त्या अर्थाने वापरला तो जॉर्ज ग्रीनने, १८२८ मध्ये. हा ग्रीन इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, वडिलांच्या पवनचक्कीवर पीठ दळणारा. शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला. त्याने आपला निबंध वर्गणी गोळा करून स्वतःच छापला आणि चाळिशीला आल्यावर केंब्रिजमध्ये पदवीला प्रवेश घेतला. १८४१ मध्ये तो वारला, तोपर्यंत त्या निबंधाची फारशी कुणी दखलही घेतली नव्हती. काही वर्षांनी विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे ज्याला लॉर्ड केल्व्हिन म्हटलं गेलं त्याने, तो शोधून जगासमोर आणला. ‘पोटेन्शियल एनर्जी’ हे नाव तर आणखी नंतरचं, १८५३ मधलं, विल्यम रँकिन या स्कॉटिश इंजिनीअरने दिलेलं.

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न भावाने विचारला नाही. पण तुमच्यातलं कुणीतरी विचारणार, म्हणून हैदराबादची एक गोष्ट सांगते.

अनीसुर रहमान हे हैदराबादला १९२७ मध्ये जन्मलेले. केंब्रिजला शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत गेले. १९६४ मध्ये त्यांनी संगणकात ८६४ अणू ‘सोडले’. अणू आर्गॉन वायूचे, पण द्रवरूपातले, उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास. (लॅबचं नाव आणि वायूचं नाव मराठीत सारखंच दिसतं, तो योगायोग.) दोन आर्गॉन अणूंमधल्या ऊर्जेचं वळण साधारण माहीत होतं. फार जवळ आले की भिंतीसारखा उभा चढ, थोडं लांब एक उथळ दरी, आणखी लांब गेलं की सपाट मैदान. दरीचा तळ दोन अणूंत साधारण ३.८ आंगस्ट्रॉम अंतर असताना. एका मीटरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे आंगस्ट्रॉम. एंट्रन्सच्या गाइडमध्ये ‘ए भागिले अंतराचा बारावा घात, वजा बी भागिले अंतराचा सहावा घात’ असं जे सूत्र देऊन समतोलाचं अंतर काढायला सांगतात, ते हेच वळण. त्याला लेनर्ड-जोन्स पोटेन्शियल म्हणतात. हा ‘लेनर्ड-जोन्स’ एकच माणूस बरं का. मूळचा नुसता जोन्स. १९२५ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याने बायकोचं आडनाव आपल्याला जोडून घेतलं.

तर रहमान यांच्या संगणकाने काय केलं? आपल्या वहीतलं गणित. प्रत्येक अणूसाठी शेजाऱ्यांमुळे तयार झालेल्या ऊर्जेचा उतार काढायचा, म्हणजे बल मिळालं. बलावरून न्यूटनच्या नियमाने अणू जरासा सरकवायचा. मग नव्या जागी परत उतार. ८६४ अणूंच्या जोड्या होतात ३ लाख ७२ हजार ८१६. लांबच्या जोड्यांचं बल नगण्य म्हणून त्या सोडून देता येतात, तरी काम प्रचंड. आणि प्रत्येक पाऊल सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाएवढं. अशी पावलांवर पावलं टाकत गेल्यावर द्रवातले अणू कसे भटकतात, हे पहिल्यांदा असं बघता आलं, आणि ते प्रयोगांतून मिळालेल्या आकड्यांशी जुळलं. आज औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो की नाही, हे संगणकावर तपासताना याच पद्धतीचं मोठं भावंड वापरतात. रासायनिक प्रक्रियांची अशी संगणकी मॉडेल्स उभारणाऱ्या कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना २०१३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रहमान यांच्या नावाने अमेरिकन फिजिकल सोसायटी पुरस्कार देते.

मी भावाला एवढंच लिहिलं, ‘एका हैदराबादच्या माणसाने तुझं हेच गणित ८६४ अणूंसाठी केलं. तेही मायनस न विसरता.’ त्यावर त्याने हसण्याचा इमोजी पाठवला. सायन्स सोडण्याबद्दल पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. रात्री एक वाजता अठरा वर्षांच्या मुलाचं करिअर ठरवू नये, एवढं मला बावीस वर्षांत कळलंय.

एक वाजून दहा मिनिटांनी वहीचा नवा फोटो आला. गणित पूर्ण. बाजूला टेकडी-दरीचं चित्र आणि दरीत एक गोटी. चित्राखाली मराठीत लिहिलेलं : बल = ऊर्जेचा उतार. परीक्षेत हे इंग्रजीत लिहावं लागेल, ते त्याला माहीत आहे.

मी ‘गुड नाईट’ टाइप केलं, तोवर पुढचा प्रश्न येऊन पडला होता. ‘ताई, मग घर्षणाचा यू किती?’

याचं उत्तर तेव्हा मी पुस्तक उघडून शोधलं, पोटात गोळा न येता. घर्षणाला यू नसतो. का, ते त्याला त्याच्या अजिंक्यताऱ्यावरून सांगितलं. तू किल्ल्यावर पायवाटेने चढ नाहीतर गाडीरस्त्याने जा, वर पोहोचलास की गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात जमा झालेली ऊर्जा तीच. तुझं वजन साठ किलो आणि चढण ३०० मीटर धरली तर सुमारे १ लाख ७६ हजार ज्यूल, म्हणजे फक्त ४२ किलोकॅलरी, अर्धी पोळीसुद्धा नाही. (शरीर प्रत्यक्षात याच्या कित्येक पट खर्च करतं, म्हणून वर गेल्यावर भूक लागते.) खाली आलास की ते खातं परत होतं तिथे. म्हणून प्रत्येक जागेला एक ठरलेला आकडा देता येतो. पण खोलीतलं कपाट ढकलत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ने आणि परत जागेवर आण. जागा तीच, पण तुला घाम फुटला, फरशी जरा गरम झाली, आणि ती ऊर्जा कपाट तुला परत देणार नाही. आणखी फेऱ्या मारल्यास तर आणखी जाईल. मग त्या एका जागेला कुठला आकडा द्यायचा? आकडाच नाही, तर चढ नाही आणि उतारही नाही.

व्हॉइस नोट चार मिनिटांची झाली. ब्लू टिक अजून आलेल्या नाहीत, बहुतेक झोपला असावा.